युवा पाळकांना निरोप देताना : तरुण संघ आणि कमिटीसाठी टप्प्याटप्प्याने

पाळकांची, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंची, बदली मराठी ख्रिस्ती मंडळ्यांना (एकेका चर्चच्या समाजाला) नवी नाही. मेथडिस्ट मंडळ्यांत कॉन्फरन्सच्या, म्हणजे वार्षिक सभेच्या, शेवटी बिशप नेमणुका वाचून दाखवतात, सीएनआयच्या (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) मंडळ्यांत धर्मप्रांताकडून पत्र येतं, आणि मग सामान हलतं. शाल, मानपत्र, दोन गीतं, प्रीतिभोजन, आभार हा क्रम जुन्या मंडळींना पाठ असतो. युवा पाळक, म्हणजे फक्त तरुणांच्या कामासाठी नेमलेला पाळक, हे पद मात्र बऱ्याच ठिकाणी अलीकडचं आहे. पहिल्यांदाच असा कुणी नेमला, तो काही वर्षं पोरांमध्ये राबला आणि आता निघाला, तर काय करायचं हे कुणालाच ठाऊक नसतं. मग तोच जुना क्रम त्यालाही लावला जातो.

तो अपुरा पडतो. पाळकसाहेबांच्या निरोपाला बोलणारे ज्येष्ठ असतात आणि त्यांना बोलता येतं. युवा पाळकांच्या जाण्याने ज्यांचं सगळ्यात जास्त जातं ती मुलं तेरा ते बावीस वर्षांची असतात. त्यांना माईक मिळत नाही, मिळाला तर शब्द सापडत नाहीत. वरून सगळं छान पार पडतं आणि पुढच्या दोन-तीन महिन्यांत शनिवारच्या सभेतली हजेरी निम्म्यावर येते.

मी आधी तरुण संघाची सचिव होते, नंतर कमिटीत आले. दोन्ही बाजूंनी असे निरोप पाहिल्यावर माझं मत पक्कं झालं आहे: निरोप समारंभ हा निरोपाचा सगळ्यात छोटा भाग आहे. खरं काम त्याच्या आधीच्या सहा आठवड्यांत आणि नंतरच्या सहा महिन्यांत असतं. तुमच्याकडे पास्टोरेट कमिटी असेल, पंचमंडळ असेल किंवा आणखी काही नाव असेल, मी इथे सरसकट ‘कमिटी’ म्हणते.

१. जाण्याचं कारण आणि शेवटचा दिवस आधी कागदावर आणा

कारणं साधारण ठरलेली असतात. कुणी धर्मशास्त्राच्या पुढच्या शिक्षणाला जातं: पुण्यात बिबवेवाडीच्या युनियन बिब्लिकल सेमिनरीत, बंगळुरूच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात, नाहीतर बंगालमध्ये सेरामपूरला. कुणाची पाळक म्हणून दीक्षा होऊन स्वतंत्र मंडळीवर नेमणूक होते. कुणाचं लग्न झालेलं असतं, मूल झालेलं असतं आणि मंडळी देते त्या मानधनात घर चालत नाही. हे शेवटचं कारण फार वेळा असतं आणि फार कमी वेळा उच्चारलं जातं.

कमिटीच्या सचिवांनी आणि पाळकांनी युवा पाळकांसोबत बसून तीन-चार वाक्यांचं निवेदन तयार करावं. कारण काय, शेवटचा रविवार कोणता, त्यानंतर तरुणांचं काम कोण पाहणार. हेच निवेदन सगळीकडे, याच शब्दांत. मानधनाचं कारण असेल आणि युवा पाळकांची हरकत नसेल, तर तेही सभ्य शब्दांत सांगा. मंडळीला ते कळलं तरच पुढच्या माणसाचं मानधन वाढेल.

निवेदनात ‘देवाची इच्छा’ एवढंच लिहून थांबू नका. देवाची इच्छा आहे यावर माझा पूर्ण विश्वास आहे. पण पंधरा वर्षांच्या मुलाला कारण सांगितलं नाही तर तो स्वतःच एक कारण शोधतो, आणि बहुतेक वेळा ते ‘आमच्यामुळेच गेले’ असं असतं.

सावधान: अल्पवयीन मुलाशी लैंगिक गैरवर्तन झाल्याच्या तक्रारीमुळे कुणी जात असेल, तर हा लेख त्यासाठी नाही. तिथे निरोप समारंभ नसतो. २०१२ च्या पॉक्सो (मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या) कायद्यानुसार अशा गुन्ह्याची माहिती असणाऱ्या प्रत्येकाने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. मंडळीत मिटवून, शाल देऊन दुसऱ्या गावी पाठवणं हा पुढच्या गावातल्या मुलांवर अन्याय आहे. मुलांसाठीची मदतवाहिनी १०९८ आहे.

२. बातमी कुणाला आधी, कुणाला नंतर

हा टप्पा बिघडला की पुढचं काही सुधारत नाही. क्रम असा ठेवा:

पहिल्यांदा कमिटी. मग तरुण संघाचे पदाधिकारी आणि संडे स्कूलचे शिक्षक, समोरासमोर बसवून. मग तरुण संघाची सभा, जिथे युवा पाळक स्वतः सांगतील. त्याच संध्याकाळी पालकांना संदेश. दुसऱ्या दिवशी, रविवारी, उपासनेतल्या सूचनांमध्ये सगळ्या मंडळीला. कमिटीची बैठक शुक्रवारी आणि तरुणांची सभा शनिवारी घेतली तर हे सगळं तीन दिवसांत बसतं. तीन दिवसांच्या वर ताणू नका, बातमी फुटतेच.

मुलांना व्हॉट्सअॅपवरून कळता कामा नये. कुणाच्या तरी मावशीने महिला मंडळाच्या ग्रुपवर ‘पास्टर चालले म्हणे’ लिहिलं आणि ते फिरत फिरत दहावीतल्या मुलीपर्यंत पोचलं, तर तिच्या मनात राहतं ते एवढंच की दादांनी मला सांगितलं नाही.

सभेआधी युवा पाळकांनी पाच-सहा नावं वेगळी काढावीत. ज्याचे वडील नुकतेच वारले, जिच्या घरी दारू आहे, जो दोनदा नापास झाला, जो पुण्याला हॉस्टेलवर गेल्यावर फक्त यांच्याच फोनला उत्तर देतो. यांना सभेत सगळ्यांबरोबर कळू देऊ नका. आदल्या दिवशी भेटून किंवा फोन करून सांगा, आणि ‘यापुढे तू कुणाशी बोलशील?’ हे त्यालाच विचारा. त्याने नाव सांगितलं तर त्या व्यक्तीला त्याच आठवड्यात त्याच्या घरी चहाला घेऊन जा. माझ्या मते अख्ख्या निरोपातलं सगळ्यात मोलाचं काम हेच, आणि ते कुठल्याही कार्यक्रमपत्रिकेत नसतं.

३. तारीख निवडताना

बातमी आणि शेवटचा रविवार यांत चार ते सहा आठवडे ठेवा. दोन आठवड्यांत सोपवणूक होत नाही. तीन महिने ठेवले तर सगळेच अधांतरी राहतात, कुणी नवं काम हाती घेत नाही.

फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावीच्या परीक्षा असतात, त्या काळात निरोप ठेवला तर ज्यांना यायचंय तीच मुलं येऊ शकत नाहीत. ईस्टरच्या आधीचा पवित्र आठवडा टाळा. झावळ्यांच्या रविवारी किंवा पुनरुत्थानाच्या सणाला (ईस्टरला) निरोप जोडला की दोन्हींचा मान जातो. मे महिन्यातलं शिबिर झाल्यावरचा रविवार बहुतेकांना सोयीचा पडतो. पाळकांना मुलं असतील तर जूनच्या मध्यावर शाळा सुरू होण्याआधी नव्या गावी पोचणं त्यांनाही गरजेचं असतं. फक्त शिबिरालाच निरोप समारंभ करून टाकू नका. तिथे रडारड होते, गाणी होतात, सगळ्यांना वाटतं झालं, आणि शिबिराला न आलेली मुलं बाहेरच राहतात.

४. कामाची सोपवणूक

युवा पाळक पुष्कळ गोष्टी डोक्यात आणि मोबाइलमध्ये घेऊन फिरतात. त्या तिथून बाहेर काढायला वेळ लागतो, म्हणून दुसऱ्या आठवड्यातच सुरुवात करा. सोपवून घेणारे दोघं असावेत, एक कमिटीतला आणि एक तरुण संघातला. यादी करा, तपासा, तिघांनी सह्या करा.

कागद आणि नोंदी:

- तरुण संघाची सभासद यादी, पालकांच्या फोन नंबरांसह
- हजेरी वही आणि सभांचं इतिवृत्त
- दृढीकरणाच्या (मंडळीचा पूर्ण सभासद होण्याच्या विधीच्या) वर्गातल्या मुलांची यादी, कुणाचे किती पाठ झाले त्याच्या खुणेसह
- शिबिरांची पालक संमतिपत्रं आणि मुलांच्या औषधांच्या, अॅलर्जीच्या नोंदी
- जमाखर्चाची वही, पावती पुस्तकं (कोरी आणि वापरलेली दोन्ही), व्हाउचरं
- पुढच्या सहा महिन्यांत कुणाला काय कबूल केलं आहे: वक्ते, शिबिराची जागा, दिलेली आगाऊ रक्कम

वस्तू: किल्ल्या, प्रोजेक्टर, माईक, कीबोर्ड, गिटार, तबला-पेटी, क्रिकेटचं सामान. यातलं मंडळीचं काय आणि युवा पाळकांचं स्वतःचं काय हे त्यांना विचारून लिहा. गिटार बहुधा त्यांची स्वतःची असते आणि पोरांना ती संघाचीच वाटते. ती त्यांना सन्मानाने घेऊन जाऊ द्या.

डिजिटल गोष्टींकडे नीट लक्ष द्या. तरुण संघाचा यूट्यूब चॅनल, फोटो, गाण्यांच्या फाइली त्यांच्या खासगी ईमेलवर असतील तर मंडळीच्या नावाने ईमेल उघडून आधी सगळं तिकडे हलवा. मंडळीच्या खात्याचे पासवर्ड शेवटच्या रविवारनंतर बदला. हा अविश्वास नाही. उद्या काही गडबड झाली तर त्यांच्यावर संशय येऊ नये म्हणून ते त्यांच्याच हिताचं आहे. व्हॉट्सअॅप ग्रुपला दोन नवे अॅडमिन आधी करा, मगच जुने बाहेर पडू द्या.

बँक खात्यावर युवा पाळकांची सही असेल तर ती बदलायला कमिटीचा लेखी ठराव लागतो, नव्या सही करणाऱ्याचं पॅन, आधार आणि फोटो लागतात. ठराव पाळकसाहेबांच्या आणि सचिवांच्या सहीने, बैठकीच्या तारखेसह. हे बँकेत एका फेरीत होईल असं धरून चालू नका, पहिल्या आठवड्यातच अर्ज द्या. ते विश्वस्त म्हणूनही नोंदलेले असतील तर धर्मादाय आयुक्तांकडे ९० दिवसांत बदल अहवाल द्यावा लागतो. विश्वस्त नसतील तर त्याचा प्रश्न येत नाही.

आणि एक गोष्ट मागू नका. मुलांनी विश्वासाने सांगितलेलं ते लिहून देणार नाहीत, तशी अपेक्षाही धरू नका. ‘अमुककडे लक्ष ठेवा, महिन्यातून एकदा घरी जा’ एवढं ते सांगू शकतात. का, हे त्या मुलाने स्वतः सांगायचं. मुलाच्या जिवाला धोका असेल तरच ही मर्यादा ओलांडायची, आणि तेव्हा थेट पाळकसाहेबांशी बोलायचं.

५. पैशाचं सगळं आधी, उघड आणि लेखी

बायबलमध्ये मिलेत गावी इफिसच्या मंडळीच्या वडिलांचा, म्हणजे ज्येष्ठ पुढाऱ्यांचा, निरोप घेताना प्रेषित पौल आपल्या कामाचा हिशेब देतो, आणि त्यात कुणाच्या सोन्यारुप्याचा लोभ धरला नाही हे स्वच्छ सांगतो. प्रेषितांची कृत्ये, विसावा अध्याय. मंडळीनेही निघणाऱ्याला असा स्वच्छ हिशेब देणं लागतं, आणि इकडे बहुतेक मंडळ्या ढिल्या पडतात.

देणं काय आहे ते पाहा. शेवटच्या महिन्याचं मानधन, थकबाकी, प्रवास खर्च, शिबिरासाठी त्यांनी स्वतःच्या खिशातून घातलेले पैसे. युवा पाळक हे पैसे बहुतेक वेळा मागत नाहीत, म्हणून खजिनदारांनीच विचारावं. भविष्यनिर्वाह निधी कापला जात असेल तर तो पूर्ण भरला आहे का ते पाहा. सेवेचं प्रमाणपत्र लेटरहेडवर, रुजू झाल्याच्या आणि सोडल्याच्या तारखांसह द्या. सेमिनरीच्या प्रवेशाला आणि पुढच्या नेमणुकीला ते लागतं. हे सगळं शेवटच्या रविवारच्या आधी हातात पडलं पाहिजे. शाल पांघरली आणि दोन महिन्यांचं मानधन राहिलं, असं कुठेही होऊ नये.

निरोपाची थैली गोळा करायची असेल तर:

- कमिटीतला एक आणि बाहेरचा एक, अशा दोघांनीच पैसे घ्यावेत. प्रत्येकाला पावती द्या. मंडळी किंवा तिची संस्था महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेली असेल, तर तिच्या नावाने गोळा झालेला पैसा तिच्या हिशेबात यायला हवा.
- रक्कम ठरवून घरटी वर्गणी लावू नका. ज्या घरात पोरगं तरुण संघात आहे पण हाताशी पैसे नाहीत, ते घर लाजेने कार्यक्रमालाच येत नाही.
- देणगीदारांची नावं आणि आकडे माईकवरून वाचू नका. विधवेच्या दोन टोल्या, म्हणजे येशूने वाखाणलेलं गरीब बाईचं छोटंसं दान, आपण संडे स्कूलमध्ये शिकवतो.
- नातेवाईक नसलेल्या लोकांकडून एका आर्थिक वर्षात मिळालेल्या भेटींची बेरीज ₹५०,००० च्या वर गेली तर ती पूर्ण रक्कम करपात्र उत्पन्नात धरली जाते. मंडळीने मालक म्हणून दिलेली रोख रक्कम पगारातच मोजली जाते. थैली मोठी होणार असेल तर आधी हिशेब तपासनिसांना विचारा आणि युवा पाळकांनाही सांगून ठेवा.

वस्तू द्यायची असेल तर त्यांना विचारूनच द्या. भिंतीवरची घड्याळं, फ्रेम केलेली वचनं, चांदीचा मुलामा दिलेले क्रूस त्यांच्याकडे आधीच असतात आणि हॉस्टेलच्या खोलीत ते ठेवायला जागा नसते. शिक्षणाला जाणाऱ्याला पहिल्या सत्राची फी, पुस्तकं, चांगली सायकल उपयोगी. कुटुंबासह जाणाऱ्याला सामान हलवायचा टेम्पो. टेम्पोचं भाडं मंडळीने भरावं हे मी फार आग्रहाने सांगेन. निमूटपणे पदरचे पैसे घालून सामान नेणारे सेवक मी पाहिले आहेत.

६. वहिनी आणि मुलं

युवा पाळकांचं लग्न झालेलं असेल तर मंडळीला बिनपगारी दुसरी व्यक्तीही मिळालेली असते. संडे स्कूल, मुलींचा गट, नाताळची नाटुकली, शिबिरात शंभर माणसांचा स्वयंपाक. निरोपाच्या दिवशी तिला पुष्पगुच्छ मिळतो आणि निवेदक म्हणतो, ‘यांच्या सौभाग्यवतींनीही साथ दिली.’ असं करू नका. मानपत्रात त्यांचं नाव आणि त्यांचं काम वेगळ्या परिच्छेदात लिहा. त्यांना बोलायचं आहे का ते विचारा. नको म्हणाल्या तर आग्रह नको. युवा पाळक स्त्री असेल तर तिच्या नवऱ्याच्या बाबतीतही हेच.

घर बदलताना लागणाऱ्या गोष्टींत मंडळीतल्या जाणत्या माणसांनी हात द्यावा. मुलांसाठी शाळा सोडल्याचा दाखला आणि प्रगतिपत्रक, सुट्टी लागून शाळेचं ऑफिस बंद होण्याआधी. दुसऱ्या गावी जाताना सिलिंडर आणि रेग्युलेटर गॅस एजन्सीत जमा करून टर्मिनेशन व्हाउचर घ्यायचं, त्यावर अनामत परत मिळते आणि नव्या गावी जोडणी घेता येते. मतदार यादीतला पत्ता बदलायला नमुना ८. आधारवरचा पत्ता नव्या गावी गेल्यावर. मिशन कंपाउंडमधल्या घराचं वीजबिल कुणाच्या नावावर आहे ते बघून मीटरचं वाचन लिहून ठेवा.

घराची तपासणी करायची असेल तर ते निघाल्यानंतर करा. सामान बांधत असताना दोन पंच भिंतीवरचे खिळे मोजत फिरले, की चार वर्षांचा स्नेह दहा मिनिटांत आंबतो.

७. निरोपाची उपासना

समारंभ आणि उपासना वेगळी ठेवा. उपासना सकाळी चर्चमध्ये, समारंभ नंतर हॉलमध्ये किंवा आवारात. दोन्ही एकत्र केलं की प्रार्थना सत्काराच्या मध्ये कुठेतरी दबून जाते.

उपासनेचा क्रम तुमच्या पाळकसाहेबांनी ठरवायचा. आम्हाला उपयोगी पडलेला क्रम असा: नेहमीप्रमाणे सुरुवात, पापकबुली, वाचन प्रेषितांची कृत्ये २०:१७–३८. उपदेश युवा पाळकांचा, आणि तो वचनावर, स्वतःच्या कारकिर्दीवर नाही. त्यानंतर, प्रभुभोजन असेल तर त्याच्या आधी, निरोपाचा विधी.

विधीत चार गोष्टी असाव्यात. युवा पाळक मंडळीचे आभार मानतात आणि चुकांची क्षमा मागतात. मग मंडळी उभी राहते आणि सचिव मंडळीच्या वतीने तेच करतात: आभार, आणि आम्ही कमी पडलो त्याची क्षमा. हा दुसरा भाग वगळायचा मोह होतो, वगळू नका. क्षमा मागताना तपशील नको, जुने वाद उकरायचे नाहीत, दोन साधी वाक्यं पुरे. तिसरं, युवा पाळक किल्ल्या आणि हजेरी वही वेदीपाशी पाळकसाहेबांच्या हातात देतात, आणि पाळकसाहेब ती पुढे काम पाहणाऱ्यांच्या हातात. मुलांना आपलं काम कुणाच्या हाती गेलं ते डोळ्यांनी दिसतं. चौथं, हात ठेवून प्रार्थना. इथे तरुणांना पुढे बोलवा. दृढीकरण झालेली, न झालेली, सगळी. शेवटचा आशीर्वाद गणना ६:२४–२६ मधला, सगळ्या मंडळीने मिळून म्हणायचा.

गीतं मुलांना निवडू द्या, पण एक तरी भजन ठेवा. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी भजन-कीर्तन मराठी मंडळीत रुजवलं, ते अजून आपलं आहे. कीबोर्डवरची गाणी मुलांची, टाळ-मृदंगाचं भजन आजोबांचं, आणि त्या दिवशी दोघांनीही एकमेकांचं म्हणावं.

मुलं रडतील. रडू द्या. ‘असं रडायचं नाही, देव आहे ना’ म्हणत धावून जाऊ नका. पौलाच्या गळ्यात पडून इफिसचे वडील रडले, आणि ते मोठे, जबाबदार लोक होते.

८. समारंभ, मानपत्र आणि जेवण

वक्त्यांची यादी आधी ठरवा आणि ती छोटी ठेवा: पाळकसाहेब, कमिटीतून एक, महिला मंडळातून एक, पालकांतून एक, तरुणांतून दोन. प्रत्येकी चार मिनिटं, आणि वेळ सांगणारा माणूस पहिल्या रांगेत. ‘कुणाला मनोगत व्यक्त करायचं आहे का?’ असं माईकवरून विचारू नका. दर वेळी तीच तीन माणसं उठतात आणि मुलं बाहेर जाऊन उभी राहतात. कार्यक्रम संध्याकाळी असेल आणि उघड्यावर असेल तर रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक चालत नाही, हे लक्षात ठेवून सुरुवात वेळेवर करा.

ज्यांना बोलता येत नाही त्यांच्यासाठी पत्रं. दोन शनिवार आधी सभेत प्रत्येकाला कागद द्या. काय लिहायचं सुचत नसेल तर विचारा: त्यांनी तुला सांगितलेलं काय लक्षात आहे? कधी तुझ्यासाठी आले? बाहेरगावी शिकणाऱ्यांकडून फोटो काढून मागवा. पाकिटं बंद करा, कुणी मोठ्यांनी वाचू नयेत, पालकांनीही नाही. सगळी एका डब्यात घालून द्या.

मानपत्र फ्रेमच्या दुकानात तयार मजकुरासह मिळतं. घेऊ नका. ‘मनमिळाऊ, कर्तव्यदक्ष, अष्टपैलू व्यक्तिमत्त्व’ हे कुणाबद्दलही लिहिता येतं. त्याऐवजी चार खऱ्या गोष्टी लिहा: पावसाळ्यात अमुक वस्तीतल्या मुलांना आणायला ते दर शनिवारी स्वतः जायचे, त्यांच्या काळात मुली पहिल्यांदा शास्त्रपठणाला उभ्या राहिल्या, दहावीत नापास झालेल्यांसाठी त्यांनी रात्रीचा अभ्यासवर्ग चालवला. एक पान, साधी मराठी, वाचायला दोन मिनिटं. लिहिणाऱ्याने तरुण संघातल्या दोघांना आधी विचारावं आणि तारखा, नावं तपासावीत.

शाल बहुतेक मंडळ्यांत चालते. श्रीफळावर मतं वेगवेगळी आहेत, बऱ्याच मंडळ्या ते देत नाहीत. तुमच्याकडची रीत ज्येष्ठांना विचारा, ऐन वेळी वाद नको.

जेवण साधं ठेवा. रस्सा, भाकरी, भात, शाकाहारींसाठी एक भाजी, काहीतरी गोड. केटररला द्यायचे पैसे थैलीत टाकता येतात. मंडळीनेच रांधायचं ठरलं तर पुरुषांनी आणि तरुणांनी रांधावं, म्हणजे महिला मंडळाला आणि वहिनींनाही बसून कार्यक्रम पाहता येईल. मुलांची पंगत पहिली, आणि युवा पाळक मुलांच्याच पंगतीत. मुख्य पाहुण्यांच्या टेबलावर त्यांना अडकवलं की त्या दिवसाचे शेवटचे दोन तास वाया जातात.

९. निघण्याचा दिवस

सामान उचलायला सहा-सात मुलं, पाणी, दोरी, डबा. दारात छोटी प्रार्थना. ज्यांना पुरे वाटलं नाही ते बस स्टँडपर्यंत किंवा स्टेशनपर्यंत जातील, जाऊ द्या. इफिसकरही पौलाला तारवापर्यंत पोचवायला गेले होते.

१०. नंतरचे सहा महिने

इथे सगळ्यात जास्त संयम लागतो, निघालेल्याला आणि राहिलेल्यांनाही.

गेलेल्या युवा पाळकांशी मुलांचं बोलणं तुटू नये, पण सल्ला आणि निर्णय आता इथल्या माणसांकडे यायला हवेत. आम्ही हे आधीच सगळ्यांसमोर सांगतो: वाढदिवस, निकाल, सण यासाठी जरूर फोन करा, घरात भांडण, तब्येत, मंडळीतला वाद असेल तर आधी इथे बोला. फोन आलाच तर युवा पाळकांनी ऐकून घ्यावं आणि विचारावं, ‘तिथे कुणाला सांगितलंस?’ लग्न, बाप्तिस्मा, अंत्यविधी यांसाठी जुन्या मंडळीत यायचं तर तिथल्या पाळकांच्या निमंत्रणाने. कुटुंबाने परस्पर बोलावून घेतलं तर नव्या सेवकाचे पाय पहिल्याच महिन्यात डळमळतात.

नवीन युवा पाळक लगेच मिळेलच असं नाही. मधल्या काळात तरुण संघ दोघा-तिघांवर सोपवा, त्यांत एक स्त्री असू द्या, आणि मुलांबरोबर एकट्याने बंद खोलीत बसायचं नाही हा नियम त्यांनाही लागू करा. पहिल्या तीन महिन्यांत नवं काही सुरू करू नका, जुनं बंदही करू नका. दुसऱ्या टप्प्यात काढलेली ती पाच-सहा नावं महिन्यातून एकदा कमिटीच्या बैठकीत विचारा: भेट झाली का, एवढंच. उत्तर ‘नाही’ आलं तर त्याच आठवड्यात जा.

नवे आले की त्यांच्यासमोर जुन्यांची स्तुती दर वाक्याला नको. जुन्यांबद्दल तक्रारही नको. त्यांना सोपवणुकीची यादी द्या, मुलांच्या घरी घेऊन जा, आणि गेलेल्यांचा फोन नंबर देऊन म्हणा, ‘एकदा बोलून घ्या.’

आणि निरोपानंतरचा पहिलाच शनिवार चुकवू नका. ‘या आठवड्यात सुट्टी, सगळे दमलेत’ असं कुणीतरी म्हणेल. सभा घ्या. किल्ली कुणाकडे, पेटी कोण वाजवणार, प्रार्थना कोण घेणार, खाऊ कोण आणणार, हे शेवटच्या रविवारच्या आधीच लिहून ठेवा आणि त्या चौघांना शुक्रवारी संध्याकाळी फोन करा.